सातव्या फ्रेटचा सूर

सोमवार, ३

सतरा तारखेला खरेदीवाला येणार आणि त्याला दोन बासगिटारींचा तुलनात्मक रिपोर्ट हवा, माझ्या हातचा, माझ्या सहीचा. म्हणून ही वही. पक्कं लिहिण्याआधी कच्चं लिहावं, आणि कच्च्यात मनातलंही ओकून टाकावं, म्हणजे ते पक्क्यात शिरत नाही.

हा माणूस वाद्यांच्या सात दुकानांसाठी माल घेतो. आमच्याकडून इतकी वर्षं थोडे थोडे बास नेत होता. या वेळी एकाच मॉडेलचे चाळीस हवेत. कारखान्याचं वर्षभराचं काम झालं ते. कारखाना म्हणायचा आपला, आहोत तीन माणसं आणि एक रंगारी, तोही अर्धा दिवस. धाकटा भाऊ लाकूड कोरतो, मी प्रत्येक बास तपासून पेटीत सहीची चिठ्ठी घालते आणि बारकी उरलेलं सगळं करते. बारकी म्हणजे माझी लेक. सव्वीस वर्षांची आहे, माझ्याहून वीतभर उंच, पण नाव पडलं ते पडलं.

नमुने दोन. एक नंबर धाकट्याचा, वडिलांच्या जुन्या साच्यावरचा, अखंड लाकडाच्या नेकचा, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीचा. दोन नंबर पूर्णपणे बारकीचा. दोन्ही एकदम काढायला आम्हाला हात पुरणार नाहीत. एकच निवडायचा, आणि निवडायचा मी. 'बाईंचा कान' असं खरेदीवाला म्हणतो. तीस वर्षं याच कानावर माल गेला आहे.

यात एक काटा आहे. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्याने बारकीला बोलावलंय. पंधरापर्यंत उत्तर द्यायचंय. काल जेवताना तिने सरळच सांगितलं, "दोन नंबर निवडलास तर मी इथेच. नाहीतर मामा जन्मभर आजोबांच्याच नेक कोरणार. मग मी इथे काय भुसा झाडू?"

म्हणजे लेक राहणार की जाणार हे माझ्या सहीवर आलं. तिने जाऊ नये असं मला वाटतं, फार वाटतं. म्हणूनच डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. उद्या कुणी म्हणायला नको की बाईने पोटच्या पोरीच्या पारड्यात वजन टाकलं.

बुधवार, ५

आज बांधणी. पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते.

वजन: एक नंबर चार किलो दोनशे ग्रॅम, दोन नंबर तीन किलो आठशे. पट्टा खांद्यावर टाकून दोन्ही हात सोडले. एक नंबरची नेक हळूहळू खाली झुकली, दुपारी पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखी. दोन नंबर जागचा हलला नाही.

नेक बॉडीला जिथे बसते त्या खाचेत पातळ कागदाची पट्टी सरकवली. एक नंबरच्या एका कोपऱ्यात ती नखभर आत गेली. दोन नंबरमध्ये शिरलीच नाही. मग फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. त्यांच्या कडांवरून मी जुना नायलॉनचा मोजा फिरवते. एवढीशी कड वर असली तरी मोजा अडकतो. एक नंबरवर दोनदा अडकला. दोन नंबरवरून लोण्यावरून सुरी फिरावी तसा गेला.

दोन नंबरची नेक पाच उभ्या पट्ट्या चिकटवून केलीय, आणि आत लांबीभर कार्बनच्या दोन सळ्या आहेत. डोळ्यासमोर धरून पाहिली, ओळंब्यासारखी सरळ. खुंट्या घट्ट, स्क्रू एका पातळीत, आतल्या तारांची जुळणीसुद्धा अशी नीटनेटकी की झाकण लावायचं जिवावर यावं. पोरीचा हात चांगला आहे. तो माझ्यावर गेलाय असं धाकट्याला म्हटलं तर तो म्हणतो, "ताई, तुझ्यावर जीभ गेलीय, हात माझ्यावर."

बांधणीत दोन नंबर सरस. हे लिहिताना मला आनंद झाला, आणि आनंद झाल्याबरोबर मी सावध झाले.

गुरुवार, ६

आज आवाज.

अँपवर, म्हणजे स्पीकरच्या खोक्यावर, दोन्ही लावले. दोन्ही रजईत गुंडाळून वाजवल्यासारखे. धाकट्याला म्हटलं, स्पीकर गेलाय. तो म्हणाला, गेल्याच महिन्यात नवा घातलाय. मग खोलीचा दोष असेल, भिंतीला भुशाची पोती लावून ठेवलीत, आवाज पिऊन टाकतात. त्याने अँपचं बटण आणखी वर नेलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

नाहीतरी अँपवर विसंबू नये असं वडील सांगायचे. त्यांची रीत मी पहिल्या दिवसापासून पाळते. बास मांडीवर घ्यायचा, बॉडीचं वरचं शिंग जबड्याला टेकवायचं, दात अलगद मिटायचे आणि तार छेडायची. लाकूड खोटं बोलत नाही. अँपला काय, तो कुणाच्याही बाजूने बोलेल.

एक नंबरवर सगळ्या तारा अशा ऐकल्या. पातळ तारेवर सातव्या फ्रेटला बोट ठेवलं आणि काय सांगू. दाढांत, कानामागे, थेट टाळूपर्यंत सूर भरला. डाव्या हातात नेक थरथरत होती. माझ्या अंगावर काटा आला. इतकं स्वच्छ मी कित्येक दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

दोन नंबर त्याच जागी बेताचा. तिथेच काय, सगळ्याच फ्रेटना सारखा बेताचा. पहिल्या बाकावरच्या मुलासारखा, विचारलं तेवढंच सांगणारा. जबड्याला काही कळतच नाही की आत जीव आहे.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटणं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही.

बारकी आज पुन्हा, मी हात धुवायला गेल्यावर, मी तपासून ठेवलेला जुन्या मॉडेलचा बास पेटीतून काढून वाजवत बसली होती. शिवाय त्याची आवाजाची नॉबही उघडून ठेवलेली. कामाच्या वेळात ही वाजवायची हौस. दोन वर्षं सांगून थकले.

रविवार, ९

सुटी. घरात बसून डोकं उठलं. ह्यांना हल्ली काय झालंय कळत नाही, पेपरात तोंड घालून पुटपुटतात आणि मग मीच लक्ष देत नाही म्हणून रुसतात. टीव्हीवरची माणसंही पुटपुटतात. बोलण्याची पद्धतच बदललीय सगळ्यांची. त्यापेक्षा आमचा कारखाना बरा. तिथे घासायचं मशीन घरघरत असलं तरी सगळ्यांचं बोलणं कसं टिपल्यासारखं ऐकू येतं. हे मी मागे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुझ्याशी भांडायचं तर मला तिथे यायला हवं."

दुपारी म्हणाले, "सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं."

आईचं तेव्हा वय काय आणि माझं काय. मी चोपन्न वर्षांची आहे. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना ते संध्याकाळी कळलं. म्हणाले, "तू बोलतेस तेव्हाही कुठे ऐकू येतं, इतकं हळू." हळू बोलणं हा दोष कधीपासून झाला? मला माझा आवाज पुरेसा मोठा ऐकू येतो.

मंगळवार, ११

आज बारकीने दोन नंबर अँपला लावला आणि मला समोर बसवलं.

"आई, सातवा फ्रेट, पातळ तार. जबडा नको लावूस. डोळे मिट आणि मनात आकडे मोज. सूर संपला की थांब. मग एक नंबरवर तेच कर. बस एवढंच कर माझ्यासाठी."

"माझ्यासाठी" म्हणाली, तिथेच माझं मन कडक झालं. मी म्हटलं, "परीक्षकाला प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याने द्यायची नसते."

"प्रश्नपत्रिका नाही गं. नुसतं ऐक."

"ऐकलंय मी. तुझ्या नेकमध्ये सळ्या घातल्यास तिथेच लाकडाचा गळा आवळलास. आता फ्रेट मोजून काय होणार? नाचता येईना अंगण वाकडं."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच नजर खाली करावी लागली. मग काहीतरी बोलली. मी मान डोलावली. नक्की काय म्हणाली ते कळलं नाही, पण सूर रागाचा नव्हता.

चहाच्या वेळी ती आणि धाकटा लाकडाच्या ढिगामागे उभं राहून बोलत होते. मी गेले तशी दोघं गप्प. एक नंबर त्याचा, दोन नंबर तिचा, म्हणजे ही दोघं खरं तर एकमेकांविरुद्ध असायला हवीत. मग मला बघून मूग गिळायचं कारण काय? मला हे आवडलं नाही. कानामागून आलेली पोर तिखट होतेय हे मी समजू शकते, पण धाकट्यानेही?

बुधवार, १२

रिपोर्ट लिहिला. चार पानं. बांधणीत दोन नंबर वरचढ, हे कागदाच्या पट्टीसकट आणि मोज्यासकट लिहिलं. आवाजात एक नंबर वरचढ, विशेषतः पातळ तारेवर पाच ते आठ फ्रेटच्या पट्ट्यात, जिथे लाकूड जिवंत होऊन वाजतं. बासगिटार हे वाद्य आहे, कपाट नाही, तेव्हा आवाज आधी. निवड: एक नंबर. खाली सही.

धाकट्याला आनंद होईल वाटलं होतं. त्याने रिपोर्ट वाचला, विशेषतः फ्रेटचा भाग दोनदा वाचला, आणि म्हणाला, "ताई, नक्की का?" स्वतःचा बास निवडला गेल्यावर असं तोंड करणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

बारकी उभ्या उभ्या वाचून म्हणाली, "ठीक आहे." भांडली असती तर बरं झालं असतं. मी ते सगळं तयार ठेवलं होतं, काय बोलायचं ते. ती कागद टेबलावर ठेवून गेली आणि उरलेला वेळ फ्रेट घासत बसली.

शनिवार, १५

तिने त्यांना होकार कळवला. एक तारखेला रुजू. हे मला ह्यांच्याकडून कळलं. म्हणाले, "तू अडवलं का नाहीस?"

काय म्हणून अडवू? निकाल देऊन वर थांब म्हणायचं, ते कुठल्या तोंडाने? ती गेली तर घर ओस पडेल. सकाळी बसथांब्यापर्यंत आम्ही दोघी चालत जातो, ती नेहमी माझ्या उजव्या बाजूने. आज मी मुद्दाम डाव्या बाजूला जागा केली तर ती वळसा घालून पुन्हा उजवीकडे आली. हट्टी आहे.

सोमवार, १७

आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी हे वेगळंच आठवेन.

खरेदीवाला दहाला आला. उंच, सौम्य माणूस, स्वतः वीस वर्षं बास वाजवलेला. रिपोर्ट शांतपणे वाचला. मग दोन्ही बास अँपवर वाजवले. बराच वेळ वाजवले. पुन्हा रिपोर्टचं तिसरं पान उघडलं, पुन्हा वाजवलं. त्याच्या कपाळावर आठी पडलेली मी बघितली.

म्हणाला, "आमच्याकडे एक पद्धत आहे. पाठ करून उभं राहायचं. मी एकच सूर छेडतो आणि बोट दाबून ठेवतो. सूर संपला असं वाटलं की हात वर. कुठला बास ते सांगायचं नाही."

आधी धाकटा उभा राहिला. एकदा त्याने हात लवकर वर केला, एकदा फार उशिरा. खरेदीवाला घड्याळाकडे बघत होता. "चार सेकंद. अकरा सेकंद." मग बारकी. चार, अकरा.

"आता मॅडम."

बारकी पटकन पुढे आली. "आईचं कशाला? आईने लिहून दिलंय की सगळं."

तिने असं म्हटलं नसतं तर कदाचित मीही नको म्हटलं असतं. पण माझ्या वतीने कुणी नको म्हणायचं म्हणजे काय? मी उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. समोर हत्यारांचं काचेचं कपाट होतं.

पहिला सूर. आला, गेला. मी हात वर केला. दुसरा सूर. आला, जरा रेंगाळला, गेला. मी हात वर केला. मनात म्हटलं, झालं, सोपं होतं.

सेकंदांचा आकडा येईना. मी समोर काचेत बघितलं. काचेत खरेदीवाला दिसत होता, मान खाली, आणि त्याचं बोट अजून तारेवर दाबलेलं. धाकटा जमिनीकडे बघत होता. बारकीने तोंडावर हात ठेवला होता. माझा हात वर, आणि ते तिघं तसेच, कितीतरी वेळ. मग खरेदीवाल्याचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण काचेत वाचता आलं. "अजून वाजतोय, मॅडम."

मी हात खाली घेतला. कुठे ठेवायचा ते कळेना.

त्याने पुढे जे केलं ते सभ्य माणसाने करावं तसंच केलं. मला खुर्ची दिली, समोर बसला आणि समजावून सांगितलं. एक नंबरवर सातव्या फ्रेटला सूर मरतो. तारेतला जोर नेक स्वतःच खाऊन टाकते, म्हणून ती हातात इतकी थरथरते. जबडा लावून ऐकलं तर तिथेच सगळ्यात जास्त वाजल्यासारखं वाटणार. पण तारेत काही उरत नाही, आणि अँपला जे मिळतं ते तारेचंच. "जबड्याने ऐकण्यात चूक नाही," तो म्हणाला, "पण मग कानानेही ऐकायला हवं."

शेवटी एक गोष्ट विचारली. "गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडून नेलेल्या एकाही बासमध्ये असा दोष निघाला नाही. ते कुणी तपासले होते?"

"आईनेच," बारकी म्हणाली.

मी मान डोलावली.

शुक्रवारी पुन्हा येणार आहे. नवा रिपोर्ट हवा. "सही मात्र तुमचीच लागेल," म्हणाला. "दुकानात लोक तुमच्या चिठ्ठीवर बास उचलतात."

मंगळवार, १८

हात लवकर वर गेला याला कारणं आहेत. मी उभी होते, तोंड भिंतीकडे होतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, आणि परक्या माणसासमोर परीक्षा द्यायची या वयात सवय राहत नाही.

खुर्च्या ओढल्याचं मला ऐकू आलं नव्हतं. ते मी आत्ता घातलं.

बुधवार, १९

आज धाकट्याने घासायचं मशीन सुरू केलं आणि त्याच्यावर लाकूड न ठेवताच माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मशीन नुसतं घरघरत होतं. मी म्हटलं, बंद कर की, वीज जाळतोयस.

"मुद्दाम लावलंय," तो म्हणाला. "याच्या आवाजात तुला नीट ऐकू येतं. आम्ही मोठ्याने बोलतो म्हणून असेल, नाहीतर काय ते डॉक्टर सांगतील. पण मला केव्हाचं माहीत आहे."

मग त्याने सांगितलं. एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला, ऐकू आला नसता तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी मी चिठ्ठी घातलेल्या एका बासची नॉब फिरवली की खरखर यायची. बारकीच्या लक्षात आलं. पुढच्यात तार फ्रेटला घासून झणझणत होती. तेव्हापासून मी तपासलेला प्रत्येक बास मी हात धुवायला गेले, चहाला गेले, घरी गेले की ती पेटीतून काढायची आणि पहिल्यापासून ऐकायची. सोळा बास तिने उघडून दुरुस्त केले आणि पेटीत माझीच चिठ्ठी परत ठेवली. मी तिला हौस म्हणत होते. दोन वर्षं तिच्यावर त्याबद्दल ओरडत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"तिने एकदा सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा तू आठवडाभर बोलली नाहीस. मी केला तेव्हा तू वडिलांचा फोटो दाखवलास."

"मग आता कशी निघाली ती?"

"ताई, त्या कारखान्याने तिला याआधी दोनदा बोलावलं होतं. दोनदा नाही म्हणाली. ती गेली तर तुझ्यामागे कोण ऐकणार, म्हणून. या वेळी मला म्हणाली, मामा, मी चोरून किती दिवस ऐकू?"

मशीन अजून सुरू होतं. मी ते बंद करायला हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण बंद केलं की तो पुढे काय बोलेल ते मला ऐकू येणार नव्हतं.

गुरुवार, २०

सगळे जेवायला गेल्यावर दोन नंबर अँपला लावला. पातळ तार, सातवा फ्रेट. छेडली. सूर आला आणि गेला. मग कानाचा नाद सोडला आणि डोळ्यांनी तारेकडे बघितलं. तार हलत होती. बारीक धुरकट रेघ होऊन हलत होती आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. अँपवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. पुन्हा छेडली, आणि मला आवाज संपल्यावर वरचं शिंग जबड्याला लावलं. आत सूर होता. बेताचा, सरळ, न ढळणारा.

मी पंधरा-वीस वेळा केलं. प्रत्येक वेळी तेच.

म्हणजे पोरीने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट मला ऐकूच आली नाही, आणि मी तिला चार पानं भरून लिहून दिलं की तिच्या बासमध्ये जीव नाही. निष्पक्षपणाचा माझा केवढा दिमाख होता. न्याय करायचा होता तर आधी एवढंच बघायचं होतं की न्यायाधीशाला ऐकू येतं का. मी तिथेच बसून रडले. रंगारी आत आला, बघितलं आणि तसाच बाहेर गेला.

संध्याकाळी बारकी नवा रिपोर्ट टाइप करूनच घेऊन आली. निवड दोन नंबर. आकडे सगळे बरोबर. खाली माझ्या सहीची जागा.

ती समोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत, सावकाश म्हणाली, "सही कर, आई. मी ऐकलंय, मामाने ऐकलंय, खोटं काहीच नाही. बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. जायच्या आधी मामाला सगळं तपासायला शिकवून जाईन."

कागद माझ्याकडे ठेवून घेतला. सही केली नाही. नाही असंही म्हटलं नाही. सही केली तर तीस वर्षांचं नाव राहतं, चाळीस बास राहतात. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिला मी काय सल्ला दिला असता, ते मला माहीत आहे. मी म्हटलं असतं, गुपचूप कर सही.

शुक्रवार, २१

बारकीचं टाइप केलेलं पान मी तसंच ठेवलं आणि त्याच्यावर माझ्या अक्षरात लिहिलं: 'बांधणी मी पाहिली आहे. आवाज मी ऐकलेला नाही. मला ऐकू येत नाही, आणि दोन वर्षं येत नसावं. या दोन वर्षांत तुम्ही नेलेला प्रत्येक बास माझ्या लेकीने तपासला आहे. चिठ्ठ्यांवर सही माझी होती, कान तिचा होता.'

खरेदीवाल्याच्या हातात दिलं आणि त्याच्या समोर जाऊन बसले, ओठ दिसतील असं. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. बारकीने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे लिहायची गरज नव्हती," तो म्हणाला.

"सतराला होती. तेव्हा लिहिलं नाही."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "दोन नंबर, चाळीस. पण चिठ्ठीवर सही आता जी ऐकणार तिची हवी." मग बारकीकडे वळला. "तुम्ही एक तारखेला जाताय असं ऐकलं. मग मी चाळीस बास कुणाच्या भरवशावर घेऊ? सोमवारपर्यंत कळवा."

तो गेला. धाकटा त्याला सोडायला बाहेर गेला तो परत आलाच नाही, मुद्दाम. खोलीत आम्ही दोघी. बारकी पाठमोरी उभी राहून नमुने पेट्यांत ठेवत होती. आधी एक नंबर, मग दोन नंबर. पेटीच्या कड्या लावताना तिचे खांदे मला दिसत होते.

तीन आठवड्यांत मी तिच्याशी नेकवर बोलले, फ्रेटवर बोलले, परीक्षकाने कसं वागावं यावर बोलले. जे बोलायचं होतं ते एकदाही बोलले नव्हते.

"बारके, जाऊ नकोस," मी म्हटलं. "ऑर्डरसाठी म्हणत नाही. ऑर्डर गेली तर जाऊ दे. तुझी माफी मागायची आहे, ती मी रोज थोडी थोडी मागेन, पण तू जाऊ नकोस. मला तू इथे हवी आहेस."

ती वळली नाही. पेटीवर हात ठेवून तशीच उभी राहिली आणि काहीतरी बोलली. भिंतीकडे तोंड करून, हळू. दोन वाक्यं असावीत. माझ्यापर्यंत फक्त गुणगुण आली.

माझी मान आपोआप हलायला लागली होती. मी ती थांबवली.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "परत सांग."

हे मी कुणालाही कधी म्हटलेलं मला आठवत नाही. बारकी वळली. डोळे भरलेले होते. दोन पावलं चालून अगदी माझ्या समोर आली, वाकली, आणि इतक्या मोठ्याने बोलली की रंगाऱ्याने दारातून डोकं आत घातलं.

"म्हटलं, त्यांना आजच नाही म्हणून कळवते. आणि सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. मी आत येणार, डॉक्टर काय सांगतात ते मी ऐकणार. तुझा भरवसा नाही, तू नुसती मान डोलावून बाहेर येशील."

"बरं," मी म्हटलं.

"मोठ्याने म्हण. काही ऐकू येत नाही तुझं."

मी मोठ्याने म्हटलं.